राणी नसलेलं वारूळ

प्रश्न : आमच्या आंब्याखाली जमिनीत एक भोक आहे, त्याभोवती मोठ्या काळ्या मुंग्यांनी पिसं नि काटक्या लावल्यात. कशासाठी?

उत्तर : ही बहुतेक डायकॅमा. भारतापासून आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियापर्यंत सापडते, घर बहुतेकदा जमिनीत. पिसांवर पहाटे दव साचतं आणि मुंग्या ते पितात, काय भारी आयडिया आहे ना! पण मला त्याहून नवल वाटतं ते याचं की हिच्यात राणीच नसते, एकच कामकरी मुंगी अंडी घालते आणि नव्याने बाहेर आलेल्यांच्या पाठीवरचे पंखांसारखे बारीक कोंब चावून तोडते, मग त्या आयुष्यभर कामकरीच राहतात. घर बदलताना एक पुढे चालते, दुसरी तिला मिशांनी शिवत मागोमाग. प्लीज ते भोक बुजवू नका.