पूर्ण झालेलं क्रॉस स्टिच घरात कसं मांडावं? (नागपुरात राहतो, सगळ्याच नमुन्यांना काचेची फ्रेम नको आहे)

लहान नमुने भरतकामाच्या लाकडी रिंगमध्येच राहू द्या. जास्तीचं कापड मागे धावदोऱ्याने ओढून बांधा आणि वेगवेगळ्या मापाच्या पाच-सहा रिंगा एकाच भिंतीवर लावा. मला तरी महागड्या फ्रेमपेक्षा हे जास्त जिवंत वाटतं. लांबट पट्टी असेल तर दाराचं तोरण करा, मागे सुती अस्तर लावून. उशीचा अभ्रा, ट्रेच्या काचेखाली, हेही छानच.

पण नागपुरात जागा निवडताना फार जपा. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळाच. इथल्या उन्हाने रंग विटतात, लाल-गुलाबी तर डोळ्यादेखत. आणि उन्हाळ्यात कूलरचा दमट झोत थेट येतो ती भिंतही नको, कापडाला बुरशी धरते. काचेची फ्रेम केलीच, तर काच टाक्यांना टेकू देऊ नका. फ्रेमवाल्याला मध्ये माउंट बोर्डची (जाड पुठ्ठ्याची) चौकट घालायला सांगा, आणि कापड डिंकाने न चिकटवता मागून दोऱ्याने ताणून घ्या. इतक्या मेहनतीच्या कामावर डिंकाचे पिवळे डाग पडलेले बघवत नाहीत. मांडण्याआधी गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा, टॉवेलवर पालथं ठेवून इस्त्री करा.