चिमूटभर मातीचं काय एवढं?

प्रश्न : मुलीकडे न्यूझीलंडला निघाले आहे. चालायचे बूट घासून आण, असं ती सारखं बजावते. चिमूटभर मातीने काय होणार?

उत्तर : ताई, मुलीचं ऐकाच. तिथल्या कौरी वृक्षांची मुळं सडवणारा सूक्ष्मजीव मातीतूनच पसरतो आणि लागण झालेलं झाड पूर्ण बरं करणारा उपाय अजून नाही. हजार वर्षं उभं असलेलं झाड कुणाच्या तरी बुटापायी वाळावं, याने माझा जीव तुटतो. म्हणूनच तिथे जंगलवाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेलं असतं. मी तळव्याच्या खाचा जुन्या टूथब्रशने कोरून काढते, मग बूट उन्हात वाळवते. आणि हो, प्रवेशाच्या अर्जात बुटांची नोंद नक्की करा. १९९३च्या जैवसुरक्षा कायद्याखाली, धोक्याची वस्तू न सांगता नेली तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो.