अकातेनांगोच्या गटात मागे पडलो तर?

ग्वाटेमालात अकातेनांगो चढायचाय, सोबत ओळखीचं कोणी नाही, गटात मागे पडलो तर काय, असं तुम्ही विचारलंय. मागे मीच पडले होते, म्हणून लिहिते.

हा ज्वालामुखी ३,९७६ मीटर उंच. निद्रिस्त आहे, शेवटचा उद्रेक १९७२ साली झाला. अंतिग्वा शहरातून गट निघतात आणि ला सोलेदाद गावाजवळून चढाई सुरू होते. मला पहिला तासच सगळ्यात जड गेला. उभी चढण आणि पायाखाली भुसभुशीत काळी राख. सह्याद्रीत घसारा उतरताना रडवतो, इथे चढतानाच. दोन पावलं वर गेलं की एक खाली.

आमच्यातले दोघे तरुण सुरुवातीला जवळजवळ पळतच सुटले. मी धापा टाकत शेवटी. पहिल्या थांब्यावर गाइडने काही न बोलता मला उचलून थेट स्वतःच्या मागे उभं केलं आणि सगळ्या गटाला माझ्या चालीने चालवलं. 'देस्पासियो', म्हणजे हळू, एवढाच त्याचा जप. अर्धा तास मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी मात्र त्या दोघांचंच डोकं धरलं, एकाला उलटीही झाली. विरळ हवा दमसास विचारत नाही.

रात्रीच्या मुक्कामाचा तळ साधारण ३,६०० मीटरवर. समोर फुएगो हा शेजारचा ज्वालामुखी, तो मात्र चांगलाच जागा. रात्री आधी लाल कारंजं दिसतं, गडगडाट काही सेकंदांनी पोचतो. ढग आले तर यातलं काहीच दिसत नाही, तेवढी तयारी ठेवा. जादा पैसे देऊन फुएगोच्या धारेवर जायचं विचारतात. मी गेले नाही. जून २०१८ मध्ये याच फुएगोच्या तप्त लोंढ्यांनी सान मिगेल लोस लोतेस गाव गाडलं होतं.

थंडीला हलक्यात घेऊ नका. जानेवारी २०१७ मध्ये अकातेनांगोवर सहा जण गारठून मेले. शिखरासाठी पहाटे चारच्या सुमारास निघतात, तेव्हाचा वारा हाडं फोडतो. जाड जाकीट, हातमोजे, कानटोपी हवीच. घामाने भिजलेला शर्ट तळावर पोचताच बदला, मी आळस केला आणि रात्रभर कुडकुडले.

पैसे भरण्याआधी एकच विचारा: गटाच्या शेवटी चालणारा दुसरा गाइड असतो का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरा गट बघा.