तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : बूट घेताना आधी उलटा करून बघा

या वेळी चपला-बुटांवरचे प्रश्न घेतलेत. जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच, वरचा भाग छान आणि खालचा दगा देतो, म्हणून उत्तरंही थोडी तळाकडून सुरू केलीत.

प्रश्न (डोंबिवली) : मिस्टरांचे लग्नातले बूट, दोन-चारदाच घातलेले, खोक्यात कागदात गुंडाळून ठेवले होते. पाच वर्षांनी भाच्याच्या मुंजीला काढले तर हॉलमध्ये चालता चालता सोलचा भुगा पडायला लागला. वरचं चामडं अगदी नवं आहे. न वापरलेला बूट खराब कसा होतो?

ताई, तुमच्या बुटाचा सोल पीयूचा म्हणजे पॉलियुरेथेनचा असणार. आत हवेचे बारीक बुडबुडे असतात म्हणून हा हलका आणि पायाला मऊ लागतो, त्यामुळे ऑफिसचे बूट, सेफ्टी शूज, आरामदायी सँडल सगळ्यांना सर्रास वापरतात. पण हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात, याला हायड्रॉलिसिस म्हणतात, आणि बाहेरून बरेचदा काहीच कळत नाही, एक दिवस अंगाचं वजन पडतं आणि सोल ढासळतो. आपल्याकडची दमट हवा आणि त्यात बंद खोकं म्हणजे तर विचारूच नका. वापरा नाहीतर जपून ठेवा, पीयूचं वय वाढतच राहतं.

बूट टाकू मात्र नका हं. अपर म्हणजे बुटाचा वरचा भाग चांगला असेल तर नवा रबराचा किंवा टीपीआरचा म्हणजे थर्मोप्लास्टिक रबराचा सोल बसवून मिळतो. फक्त दुरुस्तीवाल्या काकांना सांगा की जुना पीयू पार घासून काढा, नाहीतर सोल्युशन म्हणजे गोंद त्या भुग्यालाच चिकटतं आणि आठवड्यात सोल परत हातात येतो. आणि पुढच्या वेळी वर्षातून दोनदाच घालायचे बूट घ्यायचे असतील तर पीयू घेऊच नका, रबर घ्या, वजनाला जड असतो पण असा फसवत नाही. बऱ्याच सोलवर खाली मटेरियलची अक्षरं उमटवलेली असतात, दुकानात बूट उलटा करून बघायला लाजू नका.

प्रश्न (नाशिक) : इंटरव्ह्यूसाठी 'जेन्युइन लेदर' लिहिलेले बूट स्वस्तात घेतले, सहा महिन्यांत बोटांपाशी पापुद्रे निघाले. खरं चामडं कसं ओळखायचं?

'जेन्युइन लेदर' लिहिलंय म्हणजे भारीतलं, असं धरून चालू नका. कातडं जाड असतं, त्याचे थर काढतात. सगळ्यात वरचा, रंध्रं आणि नैसर्गिक खुणा तशाच ठेवलेला थर म्हणजे फुल ग्रेन, तो सगळ्यात मजबूत. वरचे डाग घासून काढले आणि पॉलिशसारखा गुळगुळीत थर दिला की करेक्टेड ग्रेन. आणि खालचा उरलेला थर म्हणजे स्प्लिट, त्यावर प्लॅस्टिकचा मुलामा चढवून चामड्याची नक्षी उमटवतात. तुमच्या बुटाचे पापुद्रे निघालेत ते बहुतेक या मुलाम्याचेच, किंवा मग ते सरळसरळ रेक्झिन असेल.

घरी काडी लावून बघायचा उद्योग करू नका, पाण्याचा थेंबही फिनिश केलेल्या चामड्यावर काही सिद्ध करत नाही. त्यापेक्षा जिथे कापलेली कड उघडी दिसते तिथे बघा, बुटाच्या जिभेच्या टोकाला किंवा लेसच्या पट्टीमागे. चामड्याची कड तंतूंची, थोडी केसाळ दिसते. रेक्झिनची कड दोन थरांची, वर प्लॅस्टिक आणि खाली विणलेलं कापड, स्पष्ट कळतं. मग बूट बोटाने दाबा, खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडलं की जातात. काही बुटांवर छोटी चित्रं असतात, पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, त्याच आकारात पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुलामा दिलेलं चामडं, नुसती चौकट म्हणजे दुसरं काहीतरी आणि जाळी म्हणजे कापड.

प्रश्न (पुणे) : मित्र म्हणतो 'गुडइयर वेल्टेड' बूटच घे, आयुष्यभर टिकतात. किंमत तिप्पट आहे. ही टायरवाली कंपनी का? आणि एवढे पैसे घालावेत का?

टायरवाली कंपनी नाही. रबर व्हल्कनाइज करण्याची, म्हणजे गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची पद्धत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाचं नाव सोल शिवायच्या या पद्धतीला आहे, त्याने 1870 च्या आसपास हे मशीन आणलं. टायर कंपनी 1898 ची, चार्ल्सच्या सन्मानार्थ नाव घेतलेली, घराण्याशी संबंध नाही.

आता मुद्दा. अपर साच्यावर ताणला की तो सोलला जोडायचा कसा, यावर बुटाचं आयुष्य ठरतं. सगळ्यात कॉमन म्हणजे पेस्टिंग, नुसता गोंद, आपले स्पोर्ट्स शूज आणि बहुतेक ऑफिसचे बूट असेच. गोंद चांगला आणि घासणी नीट असेल तर वाईट अजिबात नाही, पण वाईट केलेलं पेस्टिंग पहिल्याच पावसात तोंड उघडतं. दुसरी ब्लेक शिवण, 1858 मध्ये अमेरिकेत लायमन ब्लेकने मशीन काढलं, त्यात इनसोलपासून म्हणजे आतल्या तळापासून बाहेरच्या सोलपर्यंत एकच टाका आरपार जातो. बूट सडपातळ आणि लवचीक होतो, पण टाक्यातून पाणी वर चढू शकतं. तिसरी ही वेल्ट. अपर आणि इनसोलला आधी कडेने चामड्याची एक पट्टी शिवतात, तीच वेल्ट, आणि मग बाहेरचा सोल त्या पट्टीला वेगळ्या टाक्याने शिवतात. मधल्या पोकळीत बहुतेक कॉर्क भरतात, तो काही दिवसांत पायाच्या आकाराने दबतो. फायदा हा की सोल झिजला की फक्त बाहेरचा टाका उसवून नवा सोल लावता येतो, अपरला हातही लागत नाही.

पण आयुष्यभर वगैरे म्हणायचं तर सोल बदलत राहावा लागतो, पॉलिश करावं लागतं, एक दिवसाआड घालून सुकू द्यावा लागतो, आणि वेल्ट नीट शिवून देणारा कारागीर गाठावा लागतो. हे सगळं करणार असाल, रोज ऑफिसला चामड्याचेच बूट घालत असाल तर जरूर घ्या, पैसे वसूल होतात. आठवड्यातून एकदा घालणार असाल तर चांगल्या रबर सोलचा पेस्टिंगचा बूट पुरे. घेताना एक बघा, स्वस्त बुटांवर कडेने नुसती दाखवायची शिवण असते. वेल्टचा टाका खऱ्या बुटाला बहुतेक वेळा तळातही दिसतो. वर टाके आहेत आणि खाली काहीच नाही तर दुकानदाराला खोदून विचारा, कारण काही चांगल्या बुटांत तो खोबणीत लपवलेलाही असतो.

प्रश्न (न्यू जर्सी) : आईने कोल्हापुरी पाठवली, अंगठ्याला चावते, आणि इथल्या थंडीत कोरडी पडून तडे जातील असं वाटतंय. आणि ही अस्सलच आहे हे कसं कळणार?

चावते कारण चामडं कडक आहे, आणि ते असं असणं चांगलं लक्षण आहे. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, क्रोमियमच्या क्षारांत नाही, त्यामुळे सुरुवातीला ताठ असतं आणि नंतर पायाच्या ठशाप्रमाणे बसतं. रात्री अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून एरंडेल किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवा, थोडंसंच, आणि पहिले काही दिवस घरातच तासभर घालून फिरा. हिवाळ्यात हीटरजवळ ठेवू नका, महिन्या-दोन महिन्यांनी तेलाचा हात द्या, तडे जाणार नाहीत. भिजली तर सावलीतच वाळवा.

ओळखायची म्हणाल तर उलटी करा. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरीत खिळा नसतो, तळाचे थर चामड्याच्याच वादीने हाताने शिवलेले असतात आणि ते टाके थोडे कमी-जास्त दिसतात. तळाला रबर चिकटवलेलं असेल तर ती वेगळी चप्पल, वाईट नाही पण कोल्हापुरीच्या भावात घेऊ नका. 2019 मध्ये कोल्हापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे मिळून. अथणी-निपाणीकडच्या कारागिराची चप्पलही तेवढीच अस्सल, हे आपण विसरतो आणि मला ते फार खटकतं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने अशाच चपला नाव न घेता दाखवल्या, तेव्हा इकडून आवाज उठला आणि मग त्यांनी मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे. असा आवाज उठवणारे आपणच घासाघीस करून कारागिराची मजुरी खातो, ते बंद व्हायला हवं.

प्रश्न (लातूर) : ऑक्सफर्ड आणि डर्बी या लेसच्या बुटांत फरक काय? माझा पाय रुंद आहे.

लेसच्या दोन पट्ट्या बघा. ऑक्सफर्डमध्ये त्या पुढच्या भागाखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे बूट बंदिस्त दिसतो आणि फारसा उघडत नाही. डर्बीत त्या वरून शिवलेल्या आणि मोकळ्या, लेस सैल केली की बूट छान उघडतो. रुंद आणि उंच पावलाला डर्बीच घ्या, दादा, आणि संध्याकाळी जाऊन घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही पायांत घालून दुकानात चार फेऱ्या मारा, मोठ्या पायाच्या मापाने साइज ठरवा.