ती लेन रिकामी दिसते, कारण ती चालते

प्रश्न: बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे बससाठी राखीव लेनची व्यवस्था) नेमकी कशी चालते आणि एखाद्या भागाला तिचा काय फायदा?

अकरा वर्षं बस चालवली, त्यातली शेवटची चार बीआरटीच्या मार्गावर, म्हणून लिहितोय. वेगळी लेन सगळ्यांना दिसते. खरं काम स्थानकावर होतं. तिकीट आत शिरतानाच झालेलं, फलाट बसच्या तळाच्या उंचीचा, त्यामुळे सगळ्या दारांतून एकदम चढउतार होते आणि वीसेक सेकंदांत बस सुटते. साध्या मार्गावर गर्दीच्या थांब्याला माझी दीड-दोन मिनिटं सहज जायची. वर कडेला घेतलेली बस परत रस्त्यात घालायला कोणी जागा देत नसे.

आता फेरीचा हिशेब. जाऊन-येऊन फेरी 60 मिनिटांची असेल तर 12 गाड्यांत दर 5 मिनिटांनी बस देता येते. फेरी 90 मिनिटांवर गेली की गाड्या त्याच, ड्रायव्हर तेवढेच, पण बस साडेसात मिनिटांनी. मग माणसं थांब्यावर ताटकळतात आणि कर्ज काढून दुचाकी घेतात.

माझ्या मेव्हण्याला हे कधीच पटलं नाही. तो कारने जातो. "दाजी, तुमची लेन मोकळी आणि आम्ही कोंडलेले." शेवटी माझ्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्याला पादचारी पुलावर नेलं. दोन बसच्या मध्ये लेन खरोखर रिकामी होती. "बघा," तो म्हणाला. मी म्हटलं, गाड्या नको, माणसं मोज. दर दोन मिनिटांनी बस, बसमध्ये 60 जण, तासाला झाले 1,800. शेजारच्या लेनमधून सिग्नल धरून तासाला 800 कार गेल्या आणि कारमध्ये सरासरी दीड माणूस धरला, तरी 1,200 होतात. कोलंबियातल्या बोगोटात बीआरटीला ओव्हरटेकसाठी जादा लेन आहे, तिथे गर्दीच्या तासाला एका दिशेने 40 हजारांच्या आसपास माणसं बसने जातात.

तो दिल्लीच्या बीआरटीचा दाखला देतो: 2008 ला सुरू, 2016 ला उखडली. पण तिथे तिकीट बसमध्येच काढायचं होतं आणि मार्ग जेमतेम 5.8 किलोमीटर. तिला अर्धीमुर्धी बीआरटीसुद्धा म्हणणार नाही.

भागाच्या फायद्याचं म्हणाल तर ब्राझीलमधलं क्युरितिबा शहर बघा. 1974 मध्ये बसचे मार्ग सुरू केले आणि उंच इमारतींना परवानगी त्याच मार्गांलगत दिली. शहर बसच्या कडेने वाढलं.

हां, जिथे बसच पंधरा मिनिटांनी येते तिथे लेन अडवू नये. आधी गाड्या वाढवाव्यात.

आमची लेन पुढे सगळ्यांना खुली केली. पहिल्याच महिन्यात माझ्या ड्युटीतल्या सहा फेऱ्यांच्या पाच झाल्या. मेव्हण्याला विचारलं, तुझा वेळ किती वाचला? म्हणाला, सिग्नलला पूर्वीइतकंच थांबावं लागतं.