लिचीचा वास येतो, मग यात लिची घालतात का?

प्रश्न: मागच्या वर्षी आम्ही दोघं फ्रान्समध्ये कोल्मारला गेलो होतो. तिथे एका दुकानात गेवुर्त्स्ट्रामिनर नावाची व्हाइट वाइन चाखायला दिली, ग्लास नाकाशी नेला तर थेट लिची आणि गुलाब! वाटलं सरबतासारखी गोड असणार, पण गोडवा जवळपास नव्हताच. नंतर तेच नाव बघून दुसरीकडून बाटली घेतली तर ती चक्क गोड निघाली. वास वरून घालतात का? आणि फ्रान्सच्या वाइनला असं जर्मन नाव कसं?

उत्तर: नाही हो, वरून काहीच घालत नाहीत, वास द्राक्षातलाच आहे. सिस-रोझ ऑक्साइड नावाचं एक द्रव्य या द्राक्षात असतं आणि तेच लिचीतही असतं, गुलाबाच्या तेलातही असतं, त्यामुळे तुमचं नाक अगदी बरोबर होतं. चुकला तो अंदाज. असा वास आला की आपण मनातच साखर घालून मोकळे होतो, पण वासाचा आणि गोडीचा काही संबंध नाही.

गोडी कुठून येते ते बघायचं तर कोल्मार ज्या भागात आहे त्या अल्सासचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्वेला र्‍हाईन नदी, पश्चिमेला व्होज डोंगर, अटलांटिककडून येणारे ढग बराचसा पाऊस त्या डोंगरावरच टाकून देतात, मग डोंगराच्या अलीकडे, कोल्मारला वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर उरतो, शाळेत शिकलेली पर्जन्यछाया ती हीच. शरद ऋतू कोरडा, म्हणून द्राक्षं वेलीवर निवांत ठेवता येतात, आणि हे गुलाबी सालीचं द्राक्ष (वाइन व्हाइट असली तरी साल गुलाबीच!) मुळातच भरपूर साखर धरतं, आंबटपणा मात्र कमी. आता यीस्टने सगळी साखर खाल्ली तर वाइन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, होते आणि अल्कोहोल १४ टक्क्यांपर्यंत जातं, मध्येच थांबलं किंवा थांबवलं तर उरलेली साखर तुमच्या ग्लासात. तुमच्या दोन बाटल्यांचं असंच झालेलं दिसतंय.

पूर्वी बाटली उघडल्याशिवाय हे कळायचंच नाही, माझीही फजिती झालीये. २०२१ च्या पिकापासून मात्र अल्सासच्या साध्या व्हाइट वाइनवर गोडीचा प्रकार छापणं सक्तीचं झालंय: सेक म्हणजे कोरडी, मग दमी-सेक, मग मोएलो, आणि दू म्हणजे एकदम गोड. ‘व्हाँदांज तार्दिव’ लिहिलेलं दिसलं तर द्राक्षं उशिरा तोडलेली, ती बहुतेक गोडच धरून चाला.

नावाचं म्हणाल तर गेवुर्त्स म्हणजे जर्मनमध्ये मसाला, आणि ट्रामिन हे आजच्या इटलीतल्या साउथ टायरॉलमधलं गाव, जिथली माणसं आजही जर्मन बोलतात. अल्सास स्वतः १८७१ ते १९१८ जर्मनीत होतं, दुसर्‍या महायुद्धात परत गेलं, तेव्हा तिथे जर्मन नावं बघून दचकायचं कारण नाही. फ्रेंचांनी एवढंच केलं की लिहिताना जर्मन स्पेलिंगमधल्या u वरचे दोन ठिपके काढून टाकले :)

आणि हो, फार गार करू नका, ८-१० डिग्री पुरे, नाहीतर ज्या वासासाठी घेतली तोच मुका होतो. सोबत व्होजमधलंच मुन्स्टर चीज मिळालं तर घ्या, त्याचा वास घरभर होतो आणि घरचे नाक मुरडतात, पण या वाइनपुढे ते बरोबर नरमतं.