सापडले काय, कोणाकडे, किती?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन दोन दिवस झाले. मालिकेतील त्या नटाच्या अटकेची बातमी तू रात्री दहा वाजता लिहायला घेतलीस, डेस्कने मथळ्यात ‘नशेबाज’ हा शब्द घातला, बातमीवर तुझे नाव लागले आणि सकाळी तुझ्याच आईने तो मथळा शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवला, असे तू लिहिले आहेस. लोकांना हे वाचायचेच असते, मी लिहिले नसते तर दुसऱ्या कोणी लिहिले असते, मग माझे चुकले कुठे, असेही विचारले आहेस. तुझ्या बातमीत त्या मुलाच्या घराचे भाडे आहे, त्याच्या मोडलेल्या साखरपुड्याचा उल्लेख आहे, ‘सूत्रांनी सांगितले’ हे शब्द सहा वेळा आहेत. परंतु झडतीत सापडले काय, कोणाकडे सापडले आणि किती सापडले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. चुकले ते तिथे.

हे तीन प्रश्न मी तुला पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहून दिले होते. ते विचारणे हा केवळ सभ्यतेचा भाग नाही. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाच वजनावर उभा आहे. चरस १०० ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण ठरते, १ किलोच्या वर गेले की व्यापारी प्रमाण. गांजाची हीच मर्यादा १ किलो आणि २० किलो आहे. सेवनाच्या गुन्ह्याला पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्ष एवढीच कमाल कैद आहे, तर व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे. ज्या बातमीत वजन नाही, तिच्यातून वाचकाला सहा महिने आणि दहा वर्षे यांतला फरक कळणार कसा?

२ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री मुंबईत क्रूझवर एनसीबीचा, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा, छापा पडला आणि दुसऱ्या दिवशी शाहरुख खानचा मुलगा आर्यन याला अटक झाली, तेव्हा तू महाविद्यालयात असशील. त्याच्याजवळ काहीही सापडले नव्हते. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून न्यायालयात बोलली जात होती. तरीही आठवडेच्या आठवडे चर्चा चालली ती त्याच्या बापाने त्याला कसे वाढवले याची. दोन न्यायालयांनी जामीन नाकारला, उच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला तो दिला, आणि ३० तारखेला तो आर्थर रोड कारागृहातून बाहेर आला. पुढे २७ मे २०२२ रोजी एनसीबीनेच दोषारोपपत्र दाखल केले, त्यात वीसपैकी चौदा जणांची नावे होती. पुरेशा पुराव्याअभावी वगळलेल्या सहांमध्ये आर्यन होता. ज्यांनी ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर पाने भरली, त्यांपैकी किती जणांनी मे महिन्यात तेवढीच जागा दिली, हे तू स्वतः जुने अंक काढून मोज.

त्याच्या आधीच्या वर्षी अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या बाबतीत तर प्रश्न विचारण्याची उसंतही कोणाला नव्हती. चौकशीसाठी ती एनसीबीच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या कार्यालयात पोहोचली तेव्हा कॅमेऱ्यांच्या गर्दीने तिला अक्षरशः चेंगरले होते. ती दृश्ये पाहताना मला आपल्या व्यवसायाची प्रथमच शरम वाटली. अमली पदार्थांच्या व्यापाराला पैसा पुरवल्याचे गंभीर कलम तिच्यावर लावले गेले होते. ७ ऑक्टोबर २०२० रोजी तिला जामीन देताना न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी नेमका पैशाचा अर्थ तपासला आणि दुसऱ्याच्या सेवनासाठी खर्च करणे म्हणजे त्या व्यापाराला अर्थपुरवठा करणे नव्हे, असे म्हटले. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हेही तुला ठाऊक असायला हवे. पण तो आदेश वाचणारे किती होते? मी वाचला, आणि वाचल्याशिवाय बातमी सोडणार नाही म्हणून हटून बसलो. त्यावरून माझा आणि संपादकांचा वाद झाला आणि पुढच्याच महिन्यात माझी बदली पुरवणीत करण्यात आली. मला आजही वाटते की माझेच बरोबर होते.

‘चौकशीत दिली कबुली’ हा मथळा तुझ्याकडून होणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. एनसीबीच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून पुराव्यात धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग खटल्यात दिला आहे. न्यायालय ज्याला कबुली मानत नाही, त्याला तू मथळ्यात कबुली म्हणू नकोस. पुन्हा तेच विचार: सापडले काय, कोणाकडे, किती?

हा हट्ट माझ्यात कुठून आला, ते आजवर तुला सांगितले नव्हते. १९८९ मध्ये मी जिल्ह्याच्या गावी वार्ताहर होतो. ‘गर्द’, म्हणजे हेरॉइनची भुकटी, या शब्दाची त्या काळी घराघरात धास्ती होती. एका वाद्यवृंदातल्या गायकाला लॉजवरून उचलल्याचे रात्री कळले आणि मी ‘गर्दच्या विळख्यात गायक’ असा मथळा देऊन बातमी पाठवली. मी शहानिशा केली नव्हती असे नाही. ठाण्यात दोनदा फोन केला होता, आणि साडेअकराला पान सोडायचे होते. त्याच्याजवळ सापडलेल्या पुडीत गर्द नव्हते, हे रासायनिक विश्लेषणाच्या अहवालात निघाले, तोवर अडीच वर्षे गेली होती. आम्ही पाचव्या पानावर चार ओळी दिल्या. काही वर्षांनी वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गाण्यासाठी त्यांना बोलवायला मीच गेलो. त्यांनी मला पाणी दिले, माझे ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या गावात आता मला गाणं जमायचं नाही.” पुढे मी काही बोलू शकलो नाही. पोलिसांनी सांगितले तेच मी लिहिले होते, हे मी स्वतःला कितीदा तरी बजावले आहे, आणि ते खरेही आहे. पण पुडीत काय आहे, तपासणी झाली आहे का, हे विचारायला एक वाक्य पुरले असते.

तू लिहितेस की दुसऱ्या बाजूला त्या नटाचे चाहते तुला शिव्या देत आहेत आणि तो देवमाणूस आहे म्हणत आहेत. त्यांच्याही नादी लागू नकोस. ‘तो असे करूच शकत नाही’ म्हणणाऱ्यांनीही पंचनामा पाहिलेला नाही. त्याच्याकडे खरोखर काही सापडले असेल तर ते वजनासह, कलमासह, न कचरता छाप. प्रसिद्ध माणूस म्हणून त्याला सूट देणे हाही वाचकाचा विश्वासघातच आहे.

आणि ‘नशेबाज’ हा शब्द मात्र कायमचा सोड. पुण्यात १९८६ मध्ये अवचट दांपत्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे आपल्याकडे माणसे घसा कोरडा करून सांगत आहेत. आपणहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम, ६४ अ, याच कायद्यात आहे. तुझा मथळा त्या नटापेक्षा जास्त लागतो तो चाळीतल्या एखाद्या आईला. मुलाला केंद्रात न्यावे की चार लोकांत नाव जाईल म्हणून लपवावे, या विचारात ती असते. हे कलम तुझ्या बातमीच्या चौकटीत एकदा तरी येऊ दे.

गुरुवारी त्याच्या जामीन अर्जाची सुनावणी आहे असे तू म्हणतेस. फोनवरून बातमी घेऊ नकोस, स्वतः न्यायालयात जाऊन बस. सरकारी वकील वजन सांगतील तेव्हा ते लिहून घे; नाहीच सांगितले, तर त्यांनी ते सांगितले नाही असे लिही. आदेशाची प्रत मिळाली की संध्याकाळी मला फोन कर; आपण ती पहिल्या ओळीपासून एकत्र वाचू.

तुझा,
काका